कुंभीतलं एक पान

गगनबावड्याकडून कुंभी नदीला मिळणारा एक ओढा. डिसेंबरातली सकाळ, पाणी गुडघ्याएवढं आणि पायाला चावणारं. मी एक दगड उचलून उलटा केला. वरून तो नुसता शेवाळलेला होता, खाली मात्र भरली वस्ती. चपट्या अंगाची, शेपटीला तीन दोरे असलेली मेफ्लाय या जलकीटकाची दोन पिल्लं उजेड लागताच पलीकडच्या अंगाला पळाली. वाळूचे कण रेशमाने चिकटवून बांधलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी एक नळी दगडाला घट्ट बसलेली. तिच्या आत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या जलकीटकाची अळी. फटीत चिखलाचा थेंब वाटावा असं काहीतरी लोंबत होतं. दगड परत पाण्यात धरला तसा तो थेंब फुलला आणि करंगळीच्या नखाएवढं जाळं उघडलं. चौकोनी घरांचं, प्रवाहाला आडवं ताणलेलं. विणणारी अळी शेजारीच दबून बसलेली.

दगड होता तसाच, त्याच खळग्यात ठेवला. असले दगड कधी पालथे टाकून जाऊ नयेत.

पंचगंगा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, नाहीतर प्रयाग चिखलीचा पाच नद्यांचा संगम. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. पण नदी जेवते कुठे, तिला पचतं कुठे, हे बघायचं तर घाटमाथ्याजवळच्या या बिननावाच्या ओढ्यांकडे जावं लागतं. इथे जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर यांची सावली इतकी दाट की पाण्यापर्यंत ऊन पोचत नाही, शेवाळ फारसं वाढत नाही. ओढ्याचं मुख्य अन्न वरून पडतं, पान होऊन.

पान पाण्यात पडलं की आधी चहाच्या पातेल्यात होतं तसं होतं. रंग उतरतो, साखर आणि क्षार विरघळतात. एक-दोन दिवसांत पानाच्या वजनाचा पाव हिस्सासुद्धा असा निघून जाऊ शकतो. उरतो तो चिवट सांगाडा, आणि तो कुणालाच नको असतो. मग बुरशी येते. १९४२ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ इन्गोल्ड यांनी ओढ्यातल्या कुजक्या पानांवरच्या या बुरशींचं वर्णन केलं. त्यांतल्या कित्येकींच्या बीजाणूंना चार हात असतात, चार दिशांना ताणलेले. वाहत्या पाण्यात पानाला अडकायला नांगर म्हणून ते हात कामी येतात. धबधब्याखाली जो पांढरा फेस साठतो, त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर असे बीजाणू अडकलेले दिसतात.

बुरशी पान मऊ करते आणि स्वतःच्या अंगातली प्रथिनं त्यात भरते. आंबोळीचं पीठ आपण आदल्या रात्री भिजवून ठेवतो, तेच काम इथे आठवडे चालतं. पातळ पान लवकर तयार होतं, जाड कातडी पानाला फार वेळ लागतो. किड्यांना हा फरक बरोबर कळतो. ताजं पान आणि आंबलेलं पान शेजारी असलं तर ते आंबलेल्याकडे जातात.

थंड देशांत पानं कुरतडण्याचं काम मुख्यतः कॅडिसफ्लाय आणि स्टोनफ्लाय या जलकीटकांच्या अळ्या करतात. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच ओढ्यांत असे कुरतडणारे किडे थोडे आढळले, आणि त्यांच्या जागी खेकडे आणि झिंगे राबताना दिसले. पावसाच्या तोंडावर बॅटऱ्या घेऊन खेकडी धरायला जाणाऱ्या आपल्या पोरांना खेकड्याचा रस्सा ठाऊक असतो. हाच खेकडा ओढ्याची पानं फाडतो, हेही त्यांना सांगायला हवं.

खाल्लेल्यातलं अंगी लागतं थोडंच. बाकीचा चुरा विष्ठा होऊन बाहेर पडतो, एक मिलिमीटरहून बारीक. हाच चुरा त्या नखाएवढ्या जाळ्यात अडकतो. ब्लॅकफ्लाय या बारीक माशीची अळी दगडाला रेशमाचा ठिपका लावून त्यात आकडे रुतवते, आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहतं पाणी गाळत बसते. तिची विष्ठा पुन्हा खालच्यांच्या ताटात. पानातला कार्बन असा थांबत, खाल्ला जात, सुटत खाली सरकतो. घाटमाथा ओलांडला की कोकण, तरीही हे पान अरबी समुद्राला जात नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत शिरते आणि त्याचा चुरा बंगालच्या उपसागराची वाट धरतो.

माथ्यावर कुरतडणारे, मधे जिथे ऊन पडतं तिथे शेवाळ खरवडणारे, खाली चुरा गोळा करणारे, अशी ही साखळी नदी-अभ्यासक व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. प्रत्येक नदी तिच्यात तंतोतंत बसत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, ओढे डोहांपुरते उरतात आणि मृगानंतरच्या पहिल्या लोंढ्यात बरीचशी पानं अख्खीच वाहून जातात. किड्यांच्या निवांत कामाचे दिवस पाऊस ओसरल्यावरचे.

किडे नसले तर काय होतं, हेही तपासलेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा इथे, त्याच १९८० साली, एका छोट्या ओढ्यात कीटकनाशक सोडून किडे मारले. पानं तळाशी तशीच पडून राहिली, कुजण्याचा वेग मंदावला आणि खाली जाणारा बारीक चुरा घटला. मला हा प्रयोग वाचताना दरवेळी थांबायला होतं. एवढ्याशा जिवांवर खालच्या सगळ्या पाण्याचं जेवण अवलंबून!

आपल्या बोलीत नदीकाठच्या गाळाच्या सुपीक रानाला मळी म्हणतात आणि साखर कारखान्यातून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थालाही मळीच. दोन्हींत सेंद्रिय पदार्थ आहे, फरक मात्रेचा आणि वेगाचा. ओढा पान-पान घेऊन पचवतो. मळीमिश्रित पाणी किंवा सांडपाणी एकदम आलं की त्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी संथ होतं, गाळ बसतो, तेव्हा तर जास्तच. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय सगळ्यांत आधी जातात. मागे उरतात त्या गाळातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि अपुऱ्या ऑक्सिजनवरही तगतात. गाळात नुसत्या त्याच दिसू लागल्या तर नदी आजारी आहे, हे कळायला प्रयोगशाळेची गरज नाही.

त्या डिसेंबरात दिवेलागणीला मी पुन्हा ओढ्यावर गेलो. पाण्यावरून मेफ्लाय उठत होत्या, काचेसारख्या पंखांच्या. पंख फुटल्यावर त्यांना खाता येत नाही. काही तास, फार तर एक-दोन दिवस, तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. कितीतरी जलकीटकांच्या माद्या अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला उडत जातात. पाण्याने खाली नेलेलं थोडंसं पान असं पंखांवरून पुन्हा डोंगराकडे चढतं. त्या थव्यात वटवाघळं शिरली होती, आणि काठच्या कारवीला बांधलेल्या कोळ्याच्या जाळ्यात तीन मेफ्लाय अडकल्या होत्या.