लिटरला वीस मिली : चेनसॉच्या तेलमिश्रणामागचा इतिहास

वरुड-मोर्शीकडची थकलेली संत्र्याची झाडं काढायची असोत, धुऱ्यावरची बाभूळ असो की वादळात रस्त्यावर आडवा झालेला कडुनिंब, गावात आता चेनसॉ शोधला जातो. मशीन नवी आली, पण तिच्यात तेल किती घालायचं याचा अंदाज लूना-राजदूतच्या काळातलाच राहिला: लिटरला दोन झाकणं, आणि थोडं जास्त पडलं तर चांगलंच. त्या काळानंतर तेलही बदललं आणि पेट्रोलही.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला खाली ऑईलचं चेंबर नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या बंद पेटीतून) जाताना बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरवर थर सोडतं आणि शेवटी जळून जातं. म्हणूनच ही मशीन आडवी-तिरपी कशीही धरून चालवता येते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवरची करवत केली आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची. दोन्ही दोन माणसांनी धरायच्या. 1959 मध्ये गिअर नसलेली, एका माणसानं चालवायची ‘कॉन्ट्रा’ आली आणि जंगलकामाची रीतच बदलली. त्या पिढीच्या इंजिनांत साधं खनिज तेल पडायचं. त्याचा थर उष्णतेत लवकर फाटायचा, म्हणून प्रमाण भरपूर ठेवावं लागे: 16:1 (सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल), 20:1, पुढे 25:1. धूर व्हायचा, सायलेन्सरमध्ये काजळी बसायची, पण इंजिन वाचायचं.

तेलात सुधारणा होत गेली तसं प्रमाण 50:1 पर्यंत उतरलं. जपानच्या जासो या वाहन-मानक संस्थेनं 1994 पासून तेलाच्या एफ-ए, एफ-बी, एफ-सी अशा प्रती ठरवल्या. पुढे एफ-डी आली. त्यात वंगण, पिस्टनची स्वच्छता, धूर आणि एक्झॉस्टमध्ये साचणारी काजळी तपासली जाते. आंतरराष्ट्रीय मानक संस्था आयएसओची ईजीबी, ईजीसी, ईजीडी ही त्याच वाटेवरची नावं. डब्यावर एफ-डी किंवा ईजीडी दिसलं की निश्चिंतपणे घ्यावं.

तरी गोंधळ उरतो, कारण कंपन्यांची पुस्तकं एकच आकडा सांगत नाहीत. हुस्कवार्ना स्वतःच्या तेलाला 50:1 म्हणते, तर एफ-बी दर्जाच्या इतर तेलाला 33:1. स्वस्त 52-58 सीसी मशीनच्या टाकीवर बहुधा 25:1 छापलेलं असतं. आपल्या मशीनच्या पुस्तकातलाच आकडा पाळावा. लिटरला हिशोब असा: 50:1 ला 20 मिली, 40:1 ला 25, 33:1 ला 30, 25:1 ला 40. बाटलीचं झाकण हे माप नव्हे. मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज घ्या.

तेल जास्त घातलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन अपुरं पडतं. शिवाय प्लग काळा होतो, एक्झॉस्टचं तोंड काजळीनं अरुंद होतं आणि ताकद जाते. तेल विसरलंच, तर मिनिटाला बारा-चौदा हजार फेरे घेणारा पिस्टन काही मिनिटांत धरतो. मेकॅनिक पिस्टन काढून बघतो तेव्हा ओरखडे चहूबाजूंनी असले तर कोरडं पेट्रोल गेलंय. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असले तर बहुधा इंधन कमी पडून इंजिन तापलंय. गाडीचं 20डब्ल्यू40 तेल इथं चालत नाही, त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख बसते. बोटींच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू3 तेलही नको. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या तापमानासाठी ते बनलेलंच नाही.

आता पेट्रोलचं. महाराष्ट्रात 2003 मध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. देशभरात 2022 मध्ये 10 टक्के झालं, 2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि 2025 मध्ये तेच सर्वत्र झालं. हाताने कार्बोरेटर लावायच्या बहुतेक चेनसॉंची मर्यादा मात्र 10 टक्क्यांची आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर मशीन जास्त तापते. कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगात किती इंधन जावं ते ठरवणारा) जाणकाराकडून, टॅकोमीटर म्हणजे फेरे मोजणारं यंत्र लावूनच जुळवून घ्यावा. रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. सगळ्यात घातक पाणी. पावसाळ्यात ओल शोषून इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात, तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि टाकीतला फिल्टर ओढतो तळातून.

किती इथेनॉल आहे ते बघता येतं. आगीपासून दूर, मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घालून हलवा, स्थिरावू द्या. खालचा थर साधारण 28 मिली दिसला तर 20 टक्के, 19 च्या आसपास असला तर 10 टक्के. हे पेट्रोल मशीनमध्ये परत घालू नका. पाण्यानं इथेनॉल धुऊन काढण्याचा उद्योगही नको, त्यानं ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता, घसरतं.

मिश्रण वेगळ्या स्वच्छ कॅनमध्ये करावं: आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, हलवून उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. थेट टाकीत तेल ओतू नये. तेलाचा निळा किंवा हिरवा रंग उतरलेला दिसला तरच ते कॅन मिश्रणाचं समजावं. चंद्रपूर-नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनमधून हलके घटक उडून जातात आणि मशीन सुरू व्हायला त्रास देते. कॅन सावलीत, घट्ट झाकून ठेवा. महिन्याच्या आत संपेल एवढंच बनवा, वैशाखात तर आठवड्यापुरतंच. कापणीचा हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. फवारणीचा टू-स्ट्रोक पंप असेल तर त्यालाही हेच करा, पण मिश्रण त्याच्या पुस्तकाप्रमाणे वेगळं बनवा.