शंकासूर घरी नेताय? हे वाचून घ्या

आपण आमच्या रोपवाटिकेतून नेलेलं रोप शंकासुराचं आहे. काही भागांत याला संकेश्वरही म्हणतात. पानं पाहून पुष्कळ जण याला गुलमोहर समजतात. दोघं शेंगवर्गातलेच, पण गुलमोहर मादागास्करचा मोठा वृक्ष, तर शंकासूर हे अमेरिकेच्या उष्ण भागातलं आठ-दहा फुटांचं झुडूप. भिंतीलगत गुलमोहर लावू नका, शंकासूर खुशाल लावा. फांद्यांना बारीक काटे असतात, तेवढी मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर जागा बघा.

उन्हाची काळजी नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हाही हे फुलतं. आमच्याकडे येणारी तक्रार बहुधा एकच असते, ‘पानं पिवळी पडून गळाली.’ विचारावं तर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि मुळं कुजतात. म्हणून मातीत मुरूम नि कुजलेलं शेणखत मिसळून जरा उंचवट्यावर रोप लावा. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी पुरे, तेही बोटभर माती उकरून कोरडी लागली तरच. केळीच्या ठिबक नळीशेजारी तर मुळीच लावू नका.

हरभऱ्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी येतात, तशा याच्या मुळांवर येत नाहीत. त्यामुळे शेंगवर्गातलं आहे म्हणून खत चुकवू नका. पावसाळ्याच्या तोंडी पाटीभर शेणखत द्या. युरियाने नुसता पाला वाढतो.

फुलं येतात ती नव्या फुटव्यावर. महाशिवरात्रीच्या सुमारास फांद्या निम्म्याने छाटा. हात आखडू नका, झाड पुन्हा फुटतं, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तोवर फुलोरा धरू लागतो. फूल एकदा जवळून बघा: चार पाकळ्या मोठ्या, पाचवी लहान, आणि बाहेर डोकावणारे दहा लांब लाल पुंकेसर. फुलपाखरू मध प्यायला आलं की त्याचे पंख या केसरांना घासतात आणि पराग पंखांवरच चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातो. आम्ही रोज बघतो, तरी कामं सोडून थांबतो.

सुकलेल्या शेंगा उन्हात तडकतात आणि बी लांब उडतं. बी टणक असतं. कडेला नेलकटरने जरा खरवडून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, फुगेल तेवढंच पेरा.

मात्र बिया विषारी आहेत. चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांनी १७०५ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामबद्दल लिहिलं, की तिथल्या गुलाम स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी या बिया घेत. कुणी घरगुती औषध म्हणून सांगितलं तरी घेऊ नका, आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर शेंगा हिरव्या असतानाच काढून टाका.