शैक्षणिक इंग्रजी आणि कार्यालयीन इंग्रजी

विद्यापीठातील निबंध, प्रबंध आणि शोधनिबंध यांची इंग्रजी आणि नोकरीतील ई-मेल, अहवाल, प्रस्ताव, बैठकीचे इतिवृत्त यांची इंग्रजी ही एकाच प्रमाण भाषेची दोन वळणे होत. व्याकरण एकच, शब्दही बरेचसे सामाईक. फरक पडतो तो वाचणाऱ्यामुळे. परीक्षकाला विषय आधीच ठाऊक असतो आणि शेवटच्या पानापर्यंत वाचणे हे त्याचे कामच असते. कार्यालयातील वाचकाला बहुधा तपशील ठाऊक नसतो, सवड नसते आणि वाचून झाल्यावर काहीतरी करायचे असते : पैसे मंजूर करायचे, माल पाठवायचा, तारीख बदलायची.

मांडणीचा क्रम त्यातूनच उलटतो. शोधनिबंधाची प्रस्तावना कशी पुढे सरकते, याचा आराखडा भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडला : आधी विषयाचे महत्त्व सांगायचे, मग आजवरच्या संशोधनातील उणीव दाखवायची, आणि मग ती आपण कशी भरून काढणार ते सांगायचे. निष्कर्ष शेवटी येतो. कीर्तनात पूर्वरंग आधी आणि आख्यान नंतर, तसाच हा प्रकार. ई-मेलला पूर्वरंग परवडत नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी शिकवलेली पिरॅमिडची पद्धत अशी, की मुख्य उत्तर शिखरावर आणि त्याची कारणे खाली. अमेरिकी लष्करातही तात्पर्य पहिल्याच ओळीत लिहिण्याचा दंडक आहे.

शब्दांच्या बाबतीत ही दोन वळणे लोक समजतात तितकी दूर नाहीत. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत ५७० शब्दकुळे (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट) आहेत आणि शैक्षणिक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. त्यांतील ‘इश्यू’, ‘डेटा’, ‘सिग्निफिकंट’ हे शब्द कार्यालयातही रोज कानावर पडतात, पण अर्थ बदलून. संशोधनात ‘इश्यू’ म्हणजे चर्चेचा मुद्दा. ऑफिसात ‘इश्यू आहे’ म्हटले की काहीतरी बिघडलेले असते. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असा, ठरलेला फरक अगदी बारीकही असू शकतो. विक्रीच्या अहवालात त्याचा अर्थ सरळ ‘मोठा’ असा घेतला जातो.

खरी गफलत होते ती सावध भाषेत. ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टू’ हे शब्द संशोधक जपून वापरतो, कारण पुराव्याच्या मापानेच दावा करायचा असतो. कार्यालयातही हेच शब्द येतात, पण तिथे ते बहुतेकदा माणसे सांभाळतात. साहेबांनी ‘यू मे वॉन्ट टू रीकन्सिडर’ असे लिहिले, तर ती सूचना नव्हे, जवळजवळ हुकूमच. नवखा माणूस तिला पर्याय समजतो आणि फसतो. उलट, उशीर का झाला या प्रश्नाला त्याने प्रबंधाच्या थाटात ‘उशीर अमुक कारणांमुळे झाला असण्याची शक्यता दिसते’ असे उत्तर दिले, तर तो काहीतरी लपवतो आहे असे वाटते. कर्मणी प्रयोगाचेही तसेच. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ या वाक्यात द्रावण कुणी तापवले याला महत्त्व नाही. ‘द फाइल वॉज नॉट सेंट’ हे वाक्य वाचणाऱ्याला मात्र नेमके तेच नाव हवे असते.

उसनवारीचे नियम तर परस्परविरुद्धच म्हणावे लागतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे दुसऱ्यांच्या लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ते ६० टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. कार्यालयात जुन्या प्रस्तावाचा साचा उचलणे हे शहाणपण समजले जाते, आणि कराराचे ठरलेले कलम कुणी स्वतःच्या शब्दांत लिहिले तर वकील दचकतो.

परीक्षांनीही हा भेद मानला आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न आलेख, तक्ता किंवा आकृतीचे वर्णन मागतो, तर जनरल ट्रेनिंगमध्ये त्याच जागी पत्र असते. शब्द दोन्हीकडे किमान १५०.

कार्यालयीन इंग्रजी जात्याच सोपी असते असे मात्र नाही. सरकारी कागदांतील बोजडपणाला कंटाळून ब्रिटिश अर्थखात्याने अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्स’ ही पुस्तिका लिहून घेतली. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला. भारतात कंपनी सरकारच्या काळापासून मुरलेले अर्जांचे वळण अजून टिकून आहे. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करावे) हा प्रयोग ब्रिटनमध्ये मागे पडला, इथे तो रोजच्या ई-मेलमध्ये नांदतो. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा तर इथेच रुळलेला, आणि अतिशय सोयीचा.

मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतले आणि सोनेरी अक्षरांचे हे पुस्तक आभारापासून संदर्भसूचीपर्यंत शैक्षणिक रीतीने सजवलेले असते. तेच विद्यार्थी काही महिन्यांत हिंजवडीत किंवा ऐरोलीत रुजू होतात आणि त्यांच्याकडे रोज संध्याकाळी ‘स्टेटस मेल’ मागितला जातो : काय झाले, काय अडले, ते कुणी कधीपर्यंत सोडवायचे. तीन ओळी, आभार नाहीत.