शॅम्पेन घरी नेल्यावर: थंड करण्यापासून उरलेली ठेवण्यापर्यंत

शॅम्पेनची मजा जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात. वर्षानुवर्षं तळघरात शांत पडून असलेली बाटली फ्रीझरमध्ये कोंबली जाते, बूच धाडकन उडवलं जातं, साबणाचा अंश राहिलेल्या ग्लासात वाइन ओतली जाते आणि मग ‘नुसतीच आंबट लागते’ असं वाटतं. यातलं सगळं टाळता येतं.

पॅरिसच्या ईशान्येला, रँस आणि एपर्ने या गावांभोवतीच्या खडूमातीच्या टेकड्यांवर पिकलेल्या द्राक्षांपासून, तिथल्या नियमांनी बनते ती शॅम्पेन. आधी साधी वाइन तयार होते. मग बाटलीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती पुन्हा आंबवतात. त्यातून निघणारा वायू बाहेर पडू शकत नाही, वाइनमध्येच मुरतो. आतला दाब जवळपास ६ बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. यीस्टचा गाळ नंतर काढतात, पण तोवर त्याने वाइनला भाजलेल्या पावाचा वास दिलेला असतो. लेबलवर साल नसलेली बाटली किमान १५ महिने आणि साल असलेली किमान ३ वर्षं मुरवावी लागते.

थंड करताना

बाटली ८ ते १० अंश सेल्सिअसवर आणायची. बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत अर्धा तास बुडवा. उन्हाळ्यात आणखी दहा मिनिटं द्या. नुसत्या बर्फात तेवढ्या वेळात ती गार होत नाही, कारण खडे काचेला मोजक्याच जागी टेकतात. पाणी सगळीकडून भिडतं. फ्रिजमध्ये ठेवायची तर चार तास. फ्रीझर नकोच: वाइन गोठून फुगली की बाटली फुटते. बर्फासारखी गार झाली की वास दबतो आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो. पुरेशी गार झाली नसेल, तर बूच निघताच निम्मी फेसाबरोबर वाहून जाते.

उघडताना

वरचा कागद काढा. तारेच्या जाळीचा पीळ सहा अर्धे फेरे उलटा फिरवून सैल करा, पण जाळी काढू नका. या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही आणि तोंड कोणाकडे करायचं नाही. सुटलेल्या बुचाने डोळा जाऊ शकतो. बाटली ४५ अंशांत तिरपी धरा. आतला पृष्ठभाग पसरतो आणि फेस उसळायचा कमी होतो. आता बूच जाळीसकट एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून फिरवा. बूच वर सरकायला लागलं की त्याला उलट दाबून थोपवा. ‘फस्स’ असा हलका आवाज आला म्हणजे जमलं. धमाका झाला की वायू आणि वाइन दोन्ही वाया जातात.

बूच टाकण्याआधी त्याचं खालचं टोक जरूर बघा. परकराच्या घेरासारखं फुललेलं असेल तर ते बाटलीत बसवून फार दिवस झालेले नाहीत. खुंटीसारखं सरळसोट आणि कडक असेल तर बराच काळ गेला आहे.

ग्लास

सरळ नळीसारख्या ग्लासात नाक जात नाही, पसरट वाटीसारख्या ग्लासात वायू लगेच उडतो. मधे फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास घ्या. बुडबुडे सहसा काचेतून नव्हे, तर काचेला चिकटलेल्या कापडाच्या किंवा धुळीच्या सूक्ष्म तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून सुटतात. म्हणून ग्लास गरम पाण्याने भरपूर खळबळून सुती कापडाने पुसायचा. साबणाचा किंवा लिपस्टिकचा ओशटपणा राहिला तर फेस बसतो, आणि दोष वाइनच्या माथी येतो.

ग्लास तिरपा धरून कडेने ओता, वायू जास्त टिकतो. अर्ध्याच्या किंचित वर भरून थांबा. ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात.

चाखताना

पहिला वास न हलवता घ्या: लिंबाची साल, हिरवं सफरचंद. घोट लहान घ्या आणि फेस जिभेवर विरेपर्यंत गिळू नका. चांगल्या शॅम्पेनचा फेस साईसारखा मऊ लागतो, टोचत नाही. आता आमचा आग्रह: अर्धा ग्लास पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. वाइन थोडी कोमट झाली की पाव, भाजलेला बदाम, कधी मध असे वास वर येतात. आम्हाला तरी खरी शॅम्पेन इथे भेटते.

लेबलवरच्या एका शब्दाने हमखास फसगत होते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ (लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर) ही ‘ब्रूट’पेक्षा (१२ ग्रॅमच्या आत) गोड असते. ब्रूट खारट-तळलेल्या पदार्थांसोबत सुरेख लागते. रवा लावून तळलेले बोंबील घेऊन बघा. श्रीखंडासोबत मात्र तीच कडवट लागेल. गोडाबरोबर ३२ ते ५० ग्रॅम साखरेची ‘डेमी-सेक’ मागा.

नाशिकजवळ दिंडोरीला बनणारी शांडों ही फेसाळ वाइनसुद्धा बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली असते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, पण थंड करण्याची आणि उघडण्याची रीत हीच.

बिघाड आणि उरलेली वाइन

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. शिजलेल्या कोबीचा वास आला तर बाटली उजेडात राहिली आहे. पारदर्शक काचेच्या बाटलीला ट्यूबलाइटही बाधते. दोन्ही वेळा वाइन ओतून न देता बुचासकट आमच्या दुकानात आणा. न उघडलेली बाटली अंधारात आणि गारव्यात ठेवा. फ्रिजच्या डोक्यावरची जागा सर्वांत वाईट, कारण तिथे ऊबही असते आणि थरथरही.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काहीही होत नाही. शॅम्पेनसाठी मिळणारं खटक्याचं झाकण लावा, बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.