लोड करण्याआधी मॉड्यूल तपासायचं ते का?

धरणगावकडच्या एखाद्या जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन ऑफिसातल्या संगणकावर आपोआप उमटतं. हे काम बहुधा एक छोटं प्लग-इन करतं. काटे वेगवेगळ्या कंपन्यांचे, वजन पाठवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी; म्हणून मूळ सॉफ्टवेअर तसंच ठेवून काट्यापुरतं मॉड्यूल जोडतात. ऐन हंगामात ते कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून येतं, आणि घोळ तिथेच होतो.

असं प्लग-इन सहसा मूळ प्रोग्रामच्याच मेमरीत, त्याच्याच अधिकारांनी चालतं. वजन वाचायला आलेलं मॉड्यूल शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांची फाइलही बदलू शकतं.

‘आधी लोड करू, मग त्यालाच व्हर्जन विचारू’ असं बरेच प्रोग्रामर करतात. पण विंडोजवर डीएलएल (अशा मॉड्यूलची फाइल) लोड होतानाच तिचं डीएलएल-मेन हे सुरुवातीचं फंक्शन चालतं. लिनक्सवर अशा फाइलला लायब्ररी म्हणतात; तिच्यातलीही सुरुवातीची फंक्शन्स आपोआप चालतात. प्रश्न विचारेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही; पण गाडी गंजीवर खाली झाल्यावर मीटर लावून काय उपयोग?

म्हणून फाइल न चालवता, नुसते बाइट म्हणून वाचायची. विंडोजच्या डीएलएलची सुरुवात ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी होते, लिनक्सच्या लायब्ररीची 7एफ या बाइटने आणि पुढे ‘ईएलएफ’ने. मग 32 बिट की 64, व्हर्जन जुळतं का, हे पाहायचं. त्यानंतर फाइलच्या बाइट्सवरून एसएचए-256 हा 64 अक्षरी ठसा काढून बनवणाऱ्याने दिलेल्या ठशाशी ताडायचा: फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. मात्र ठसाही त्याच पेनड्राइव्हमधून आला असेल तर तो कुचकामी, कारण मॉड्यूल बदलणारा ठसाही बदलेल. इथे डिजिटल सही लागते. सही करायची गुप्त किल्ली बनवणाऱ्याकडे, ती पडताळायची जाहीर किल्ली आपल्या प्रोग्राममध्ये.

सही खरी म्हणजे माल चांगला, असं मात्र नाही. 2020 मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात घातक कोड सही होण्याआधीच आत शिरला होता; सही अस्सल होती, आणि ते अपडेट सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत गेलं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. ते प्लग-इन नव्हतं, नियमांची साधी फाइल होती. ती 21 वी नोंद मागत होती, प्रोग्रामकडे 20च होत्या; आणि तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच चूक असल्याने ती पास झाली. आत काय आहे याची तपासणी सहीहून अवघड, ती अशी.

एक फट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फाइल तपासली, आणि लोड करण्याआधीच्या क्षणात कुणी तिच्या जागी दुसरी ठेवली तर? म्हणून फाइल आधी बंदिस्त फोल्डरात कॉपी करायची, तीच प्रत तपासायची, तीच लोड करायची. काट्यावरच्या ऑपरेटरच्या लॉगिनला त्या फोल्डरात लिहायची परवानगी नको. बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना यावरून बोलणी खावी लागतात, ती खायची.