काळाराम मंदिर सत्याग्रह

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना प्रवेश मिळावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला लढा. स्थानिक धुरा मुख्यतः भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. अस्मितेचे राजकारण आणि सामाजिक न्याय यांविषयीच्या महाराष्ट्रातील वादात या लढ्याचा दाखला हमखास दिला जातो.

सत्याग्रहींनी मंदिराच्या चारही दरवाजांवर ठाण मांडले. दरवाजे बंदच राहिले. रथोत्सवात झालेली झटापट व दगडफेक काही लेखक रामनवमीच्या दिवशीची मानतात. मात्र नाशिकचा रथ चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला निघतो. त्यामुळे चरित्रग्रंथांत येणारी ९ एप्रिल ही तारीख बहुधा एकादशीची असावी.

हेतूविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते हा हिंदू धर्मांतर्गत सुधारणेचा प्रयत्न होता. मूर्तिपूजेसाठी किंवा प्रवेशाने समता येईल म्हणून नव्हे, तर दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून हा मार्ग धरला, असे आंबेडकरांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात गायकवाडांना कळवले. पत्र चार वर्षांनंतरचे, पुणे करारानंतरचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मंदिरप्रवेशाने सगळा प्रश्न सुटणार नाही, तो राजकीय आणि आर्थिकही आहे, असा आशय सत्याग्रहारंभीच्या भाषणाच्या वृत्तांतही आढळतो. म्हणून हा लढा देवदर्शनापेक्षा समान नागरी हक्कासाठी होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मानाच्या लढ्यात भाकरीचा प्रश्न मागे पडतो, अशी टीका वर्गीय राजकारणाच्या बाजूने होत आली आहे. नाशिकचा अनुभव तिला दुजोरा देत नाही. ज्या गायकवाडांनी मंदिराच्या दारात पाच वर्षे लढा जागता ठेवला, त्यांनीच पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांसाठी पडीक सरकारी जमिनींचा सत्याग्रह उभारला. मंदिराचा हक्क आणि जमिनीचा हक्क एकाच माणसाने, एकाच कार्यकर्त्यांच्या परंपरेतून मागितला, याची दखल या वादात फार कमी घेतली जाते.

सत्याग्रहात स्त्रियांच्या तुकड्याही होत्या. त्यांची नावे तुरळकच नोंदली गेली आहेत.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि त्याच परिषदेत सत्याग्रह थांबवण्याचे ठरले. मंदिरप्रवेशाला कायद्याचा आधार मुंबई प्रांतात १९४७ मध्ये मिळाला.