सुई टोचल्याची नोंद आणि वार्षिक अहवालातील अपघातांचा रकाना

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार प्रत्येक रुग्णालयाने, दवाखान्याने आणि प्रयोगशाळेने, खाटा असोत वा नसोत, मागील जानेवारी ते डिसेंबर या काळाचा अहवाल नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावयाचा असतो. प्राधिकारपत्र (कचरा हाताळण्याची मंडळाची परवानगी), कचऱ्याच्या वजनाच्या नोंदी, प्रशिक्षणाची हजेरी हे कागद बहुतेकांकडे असतात. घोडे अडते ते अपघातांच्या रकान्यापाशी.

बीड-हिंगोलीकडील लहान रुग्णालयांचे अहवाल भरताना या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशींकडून सुई टोचल्याचे ऐकतही आलो आहे. ‘मोठा अपघात’ या व्याख्येतून सुई टोचणे वगळले आहे, एवढे वाचून लोक थांबतात. त्याचा अर्थ इतकाच की चोवीस तासांत नमुना १ मध्ये कळवण्याचे बंधन त्या जखमेला नाही. इतर सर्व अपघात वार्षिक अहवालात द्यावेत, असे नियम १५ स्पष्ट सांगतो. हे एक वाक्य नमुन्यावरच छापायला काय हरकत होती?

खरा न सापडणारा कागद म्हणजे कंत्राटी सफाई कामगारांच्या हिपॅटायटिस बी लसीची नोंद. रुग्णालय कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार रुग्णालयाकडे. परंतु कचरा हाताळणाऱ्या सर्वांच्या लसीकरणाची जबाबदारी नियम ४ ने रुग्णालयावरच टाकली आहे.

अहवालात अपघातांची संख्या मागतात, दर नव्हे. मात्र दोन वर्षांची तुलना करावयाची असल्यास दर काढावा लागतो. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत दुखापती व आजारांची संख्या २,००,००० ने गुणून कामाच्या एकूण तासांनी भागतात, म्हणजे १०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागील वार्षिक दर मिळतो. वर्षाला २,४०० तास काम करणारे २५ जण असतील, तर तास ६०,००० होतात आणि तीन घटनांचा दर १० येतो. मावशींची जखम धरून त्यांचे तास सोडले की हा दर फुगतो, म्हणून कंत्राटदाराचे हजेरीपत्रक दरमहा मागून घ्यावे.

नोंदवहीत तारखेसोबत वेळही लिहावी आणि जखम सांगणाऱ्याला कृपया दटावू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि ‘सोमवारी सुई टोचली’ एवढ्या नोंदीवरून डॉक्टरांना तास मोजता येत नाहीत.